शीलाचं एकटीचं कर्ज

आमचं पाच जणींचं मंगळवारचं बसणं शीलाच्या ओसरीवर व्हायचं. सतरंजी तिची, चहाही तिचाच. कर्ज देणाऱ्या संस्थेचा नियम असा, की पाचही हप्ते जमल्याशिवाय एकीनेही उठायचं नाही. एखादी आली नाही, की बाकीच्या तिच्या दारात हजर. शीला एका मंगळवारी दार उघडेना, तेव्हा हप्त्यासाठी कडी वाजवणाऱ्या आम्हीच तिला तापाने फणफणलेली उचलून घाटंजीच्या दवाखान्यात नेलं. नवरा गेल्यापासून तिला दुसरं कोण होतं?

पण तिची शिवणाची कमाई बारमाही, आणि आमचं सगळं कापसावर. लागोपाठ दुसऱ्या वर्षी कापसाने दगा दिला आणि लालीबाईचे तीन हप्ते शीलाने भरले. चौथ्या वेळी ती भडकली.

"लालीबाई, तुया हप्ता मी किती डाव भरू? मी आपलं एकटीचं कर्ज घेतो."

लालीबाईने मान खाली घातली. मला शीलाचा राग आला आणि खरं सांगते, हेवाही वाटला.

तिला एकटीला मोठं कर्ज मिळालं. विजेवरचं मशीन आलं. आमचं बसणं लालीबाईच्या अंगणात गेलं. माझं घर शीलाच्या समोरच. मंगळवारी ती मशीन थांबवून दारात यायची.

"चालल्या का, बेबीताई?"

"हो. आमाले बसा लागते नं," मी म्हणायचे. किती खोचक होते मी!

शीलाचा हप्ता महिन्याचा. वर्षभर एकही चुकला नाही, मग एक चुकला. पुढच्या मंगळवारी सकाळीच तिने ओसरी झाडून सतरंजी अंथरली, पाच कप धुऊन ठेवले. मोटारसायकलवर वसुलीचे साहेब एकटेच आले. शीलाने पदराची गाठ सोडून पैसे पुढे केले.

"पैसे होते, तर वेळेवर का नाही भरले? उगाच दंड बसला."

"हप्ता चुकला का बाया येतात दारात," शीला म्हणाली. "मले वाटलं, येतीन."

"तुमच्या कर्जात बाया नाहीत, ताई." साहेबांनी पावती फाडली आणि चहा न घेता निघून गेले.

मी माझ्या दारातून सगळं ऐकलं. शीला माझ्याकडेच बघत होती. मध्ये दहा पावलांची गल्ली, पण ती माझ्याच्याने ओलांडवली नाही. लालीबाईचं घर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथवर मात्र मी मंगळवारच्या बसण्याला चालत गेले.