शोमरोन्याच्या हातातली बाटली

चित्रकाराची बायको म्हणजे आमच्या अख्ख्या गल्लीची वहिनी. लग्नाआधी शिवणकाम शिकवायची. लग्नानंतर तिच्याकडे एकच खातं आलं, पाण्याचं. नवरा जलरंगात रंगवायचा आणि त्यापायी मुलूखच्या मुलूख पालथे घालायचा. मागून ही, खांद्यावर बाटल्यांची पिशवी घेऊन. ब्रश धुवायला एक वाटी, रंग कालवायला दुसरी. पाणी गढूळलं की न सांगता बदलायचं, आणि कागद ओला असेपर्यंत तोंडातून अक्षर काढायचं नाही. एकदा तिला शिंक आली, तर परतीच्या वाटेवर तो तिच्याशी बोलला नाही.

त्या वर्षी एका चर्चच्या दवाखान्याने त्याला दर्शनी भिंतीसाठी चित्र सांगितलं : चांगल्या शोमरोन्याचा दाखला. लुटारूंनी अर्धमेला करून टाकलेला वाटसरू, त्याला वळसा घालून जाणारे दोन प्रतिष्ठित, आणि थांबून त्याची शुश्रूषा करणारा परका. शोभेलसा रस्ता शोधत दोघं एका उघड्याबोडक्या डोंगराळ भागात गेली.

तिथे वळणावर खरंच एक माणूस पडलेला. डोकं फुटलेलं, ओठांना भेगा. बाटली दिसताच त्याने हात उचलला.

"अगं, काय नशीब बघ!" म्हणत चित्रकाराने घडीची खुर्ची उघडली.

"अहो, आधी पाणी देते त्याला."

"एकच बाटली उरलीय. चित्रातलं आकाश मध्येच वाळलं तर डाग पडतो, माहितीये ना? धीर धर जरा. तो काय पळून जातोय?"

तिने वाटी भरली. गढूळ झाली, दगडांवर ओतली, पुन्हा भरली. तो माणूस त्या ओल्या दगडांकडे सरपटू लागला.

"हलू देऊ नकोस गं त्याला!"

आकाश झालं, तेव्हा बाटलीही संपली.

"आता तू शोमरोनी हो. गुडघे टेक. बाटली त्याच्या तोंडाशी धर."

"रिकामी आहे हो."

"चित्रात कुणाला कळतंय? तिरकी धर."

तिने धरली. खाली त्याने तोंड उघडलं. रेखाटन पुरं होईपर्यंत ते उघडंच होतं.

"खालच्या गावात सांगू कुणाला तरी," निघताना चित्रकार म्हणाला. गावात आधी त्याने जेवण मागवलं, मग बसची वेळ झाली. वहिनीनेही सांगितलं नाही. भाषा येत नव्हती, म्हणते. खुणा करता येत होत्या, हेही तीच म्हणते.

चित्र लागलं त्या दिवशी दवाखान्यात ही गर्दी! चित्रकाराकडून वाटेवरच्या त्या माणसाची हकीकत ऐकून मोठ्या डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. "वहिनी, केवढी माया आहे हो तुमच्या चेहऱ्यावर! वाचला ना तो?"

"आम्ही त्याला पाणी दिलं नाही," वहिनी सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "तहानलेलाच टाकून आलो."

मग चित्रकार खो खो हसला. "हिची थट्टा ही अशी, डॉक्टर! मी घरी रोज ऐकतो."

सगळे हसले. डॉक्टरीणबाईंनी तिला जवळ घेतलं. "चांगल्या माणसांना स्वतःचं कौतुक सोसतच नाही बघा," त्या म्हणाल्या, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.