चाकणच्या वाटेवर उचललेलं पोर

१९५०च्या दशकात पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात यंत्रं बसवायला इटलीहून एक साहेब आले होते, एस्पोझितो. त्यांची तोडकी इंग्रजी मराठीत आणायचं काम माझ्याकडे होतं. एका रविवारी त्यांनी चाकणचा किल्ला बघायचं मनावर घेतलं आणि मी मोटारसायकलवर मागे बसलो.

आज जाणार असाल तर तासभर ट्रकमागे अडकायची तयारी ठेवा. तेव्हा चिखली सोडली की बैलगाडीची चाकोरी, फुफाटा आणि बाभळी. शिदोरी घरूनच न्यावी लागे. मोशीला नदीकाठी आम्ही भाकरी-ठेच्याची शिदोरी सोडली आणि मी सहज विचारलं, तुमचं आडनाव कुठल्या गावावरून?

कुठल्याच नाही, म्हणाले. त्यांच्या नेपल्स शहरात पूर्वी एका भिंतीत फिरतं लाकडी पिंप होतं. आईनं बाहेरून बाळ ठेवून ते फिरवायचं, की बाळ अनाथालयाच्या आत. अशा पोरांना एकच आडनाव मिळे, त्याचा अर्थ बाहेर ठेवलेला. म्हणून तिथे गल्लोगल्ली एस्पोझितो, आणि कुणी कुणाचं लागत नाही. साहेबांचे पणजोबा त्यातलेच. म्हातारपणीसुद्धा ते दाराकडे तोंड करून बसायचे, कुणी न्यायला येईल म्हणून.

चाकणच्या अलीकडे एका वस्तीत शिरलो तेव्हा टळटळीत दुपार होती. माणूस नाही, कुत्रं नाही, सगळी दारं लावलेली. नुसतं रडणं ऐकू येत होतं. बघतो तर उकिरड्यावर, सुपात, उघडं तान्हं पोर. साहेबांनी धावत जाऊन ते उचललं आणि छातीशी धरलं.

तेव्हा दारं उघडली. एकामागून एक, आवाज न करता. सगळी वस्ती आतून बघत होती. पोराचा बाप पुढे आला.

"तीन गेली आमची. ह्याला टाकलं, म्हंजी काळाला वाटंल, कुनाचंच न्हाई. आत्या उचलणार व्हती. तुमी उचाललं."

जो उचलेल त्याचं पोर, ही तिथली रीत. मग आईबापांनी पसाभर कोंडा देऊन ते परत घ्यायचं. पण साहेब सोडेनात. टाकणाऱ्यांना परत कशाला, हेच धरून बसले. माणसं जवळ सरकत होती. मी पुरता घाबरलो होतो. टाकतात ते परत न्यायलाच, हे मी कसंबसं समजावलं.

साहेबांनी पोरावरची नजर काढून माझ्याकडे बघितलं. "म्हणजे इथे न्यायला येतात?"

"येतात."

त्यांनी पोर आईच्या हातात दिलं आणि रुमालात कोंडा घेतला. आत्यानं नाव मागितलं. ते उचलणाऱ्यानंच द्यायचं, म्हणजे काळ त्याच्या घरी शोधत जातो. हे सांगायला माझी जीभ रेटेना, तरी सांगितलं. साहेबांनी स्वतःचं आडनाव दिलं. किल्ला राहिलाच. पुढे ते मायदेशी गेले, मग काही कळलं नाही.

परवा नातवाच्या गाडीतून तिकडे गेलो. वस्तीभोवती आता कंपन्यांच्या भिंती आहेत. दुपार होती, दारं बंद. टपरीवर त्या नावाची चौकशी केली, तर चहावाल्यानं मोठ्यानं हाक दिली, "इसपोजी!"

एकेक दार उघडलं. प्रत्येकातून एक बाप्या बाहेर आला. कुणाचा चेहरा कुणाशी जुळेना.

"पैला जगला न्हवं," चहावाला म्हणाला, "मग ज्याला ज्याला टाकलं, त्याला त्येच नाव."

ते सगळे उंबऱ्यात उभे राहून माझ्याकडे बघत होते, मी कुणालातरी न्यायला आलोय असं. मला तिथे थांबवेना.

घरी आल्यापासून मात्र एकच हळहळ वाटते. साहेबांना हे कळायला हवं होतं. चाकणजवळ त्यांच्या नावाची इतकी माणसं आहेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला न्यायला कुणीतरी आलं होतं.