खाणीच्या पाण्यात कुंदाआत्या

केस अजून ओले आहेत, फोनच्या स्क्रीनवर थेंब पडतायत, पण हे आत्ताच सांगायचंय, जेवल्यावर वगैरे नाही! आमची कुंदाआत्या, बाबांची मोठी बहीण, जाऊन महिना झाला. तेव्हापासून जो भेटतो तो आवाज खाली आणून विचारतो, "खाणीत गेली ना गो ती?" नाही हो! घरी गेली. दुपारी कोळंबी सोलता सोलता भिंतीला टेकली, बाबांना वाटलं डोळा लागला... हार्टचं दुखणं होतं तिला. पण गावाने ठरवून टाकलं, खाणीने घेतली. म्हणून तर सांगतेय, कारण त्या खाणीने तिला काय दिलं ते मी बघितलंय.

रेवसच्या अलीकडे आमच्या कोळीवाड्यामागे टेकडी होती म्हणे. तिचा दगड न्हावा शेव्याकडच्या भरावाला गेला आणि मागे राहिला हा एवढा खड्डा. पावसाने भरला, हिरवागार. मग गावाने त्यात काय काय टाकलं... फाटकी जाळी, थर्माकोल, एकदा तर आख्खा फ्रीज! पंचायत म्हणाली, डेब्रिज आणून बुजवून टाकू. ग्रामसभेत आत्या उठली. मासळी विकणारी बाई, जेट्टीवरून हाक मारली तर सुटलेली लाँच थांबेल असा आवाज. "बुजवू नका. आम्हाला पोहायला पायजे." सभा हसली. "हसा! नवरे दर्यावर, पोरं दर्यावर, आन आम्ही गुडघाभर पाण्यात टोपली घेऊन उभ्या. कोळणी म्हणवतो, एकीला तरी पोहता येतं?" आता कोणी हसेना, कारण खरंच एकीलाही येत नव्हतं. मलापण नाही! पंचायत म्हणाली, बरं, साफ करून दाखवा, बायका आल्या तर बघू.

फ्रीजसकट सगळं निघालं. एका बाजूला दगडाची रुंद पायरी आहे, तिथे छातीभर पाणी. बाबांनी आडवा दोर बांधला. आणि आत्याने काय केलं असेल? जाळ्याला लावायचे प्लास्टिकचे बोये कमरेला बांधून आधी खाडीत तालीम केली. मस्त तरंगली! तेच बोये, तीच आत्या, दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर खाणीत उताणी पडली आणि डुबुक... पाणी थेट नाकात! आयुष्य खाऱ्या पाण्याशी काढलेलं, गोडं पाणी माणसाला तेवढं उचलत नाही हे कोणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. खोकत, हसत वर आली. "लबाड हाय गो हे पाणी, हातच देत नाय! अजून बोये आणा." मग बायका यायला लागल्या, मीपण तरंगायला शिकले, पंचायतीने भराव थांबवला आणि आत्याने सगळ्या जणींचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला.

सगळ्यात जास्त विरोध घरातूनच. माझी आई काठावर उभी राहून सुरू व्हायची, "वन्सं, म्हशीपण डुंबतात, त्यांचं कोणी कौतुक करत नाय." आत्या पाण्यातून, "म्हैस बरी गो वहिनी, ती काठावर उभी राहून बडबडत नाय." आई ओरडत राहायची, वन्सं बाहेर या, वन्सं तुमचं हार्ट, वन्सं लोक काय म्हणतील... आणि आत्या आभाळाकडे तोंड करून नुसती हसत तरंगायची. आईला वाटायचं, मुद्दाम करते.

आत्या गेली आणि खाण ओस पडली. कोणी फिरकेना. सरपंच म्हणाले, आता बाया काय येत नाहीत, सोमवारी भरावाचे डंपर बोलावतो. मी रडले, भांडले, उपयोग शून्य. आणि आज सकाळी आई कपाटातून बाबांची जुनी हाफ पँट काढते, वर गाऊन, आणि मला म्हणते, "चल. बोये घे. जास्त घे."

मी बोये उचलले आणि निघाले! वाटेत ती दारादारात थांबली. "येतेस काय, का वन्संना खाणीने खाल्लं म्हणत बसतेस?" मागोमाग दहाबारा जणी आल्या, त्यात सरपंचांची बायको. आई कमरेला बोये बांधून पायरीवर उतरली. मी पाठीखाली हात धरला. ती उताणी झाली, आणि मी हात काढला... तरंगली! माझी आई!! काठावरून टाळ्या, शिट्ट्या, बाबा ओरडतायत, "बास, आता बाहेर ये!" ती हलेना. मीपण ओरडले. तिचं लक्षच नाही, डोळे मिटलेले. शेवटी खांदा हलवला तर दचकून उठली.

"ओरडत होता काय तुम्ही?"

"केव्हापासून!"

"कान पाण्यात गेले ना... काय ऐकू येत नाय गो. सगळा गाव गप्प होतो." मग दोर धरून उभी राहिली. "म्हणजे वन्संना माझं काहीच ऐकू जात नव्हतं. एवढी बोलले मी त्यांना..." आणि हसायला लागली, हसता हसता रडली, आणि पुन्हा उताणी पडली.

डंपर आता येत नाहीत, सरपंचांची बायको पाण्यात असताना टाकणार कुठे! आणि आत्याच्या ग्रुपवर आत्ता आईचा पहिला मेसेज पडलाय, "उद्या ओहोटीला या." आमच्याकडे ओहोटीलाच बायका मोकळ्या, तेव्हा होड्या धक्क्याला लागत नाहीत. आत्यापण तेवढंच लिहायची, घड्याळाची वेळ कधीच नाही.

तुमच्याकडे झालंय का हो असं? गेलेल्या माणसाचा हट्ट त्याच्याशी जन्मभर भांडलेल्या माणसानेच पुढे चालवलाय? सांगा ना, मला खरंच ऐकायचंय!