शेजारच्या खाटेपाशी मिळालेला धीर

दवाखान्यातल्या सहाव्या दिवशी मी प्रार्थना करणं सोडलं. कुणाला सांगितलं नाही. माझी पत्नी सुशीला सकाळी उशाशी बसून स्तोत्र वाचायची तेव्हा मी डोळे मिटून पडायचो. तिला वाटायचं, मी मनातल्या मनात देवाशी बोलतोय. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. वाचा शाबूत होती, पण डावा हात आणि डावा पाय दुसऱ्या कुणाचा असावा तसा निर्जीव पडून होता. कोराडीच्या वीजकेंद्रात उभी हयात जिने चढण्या-उतरण्यात गेली, निवृत्तीनंतर हुडकेश्वरला घर बांधलं, आणि आता मला कुशीवर वळवायला दोन माणसं लागत होती.

आमच्या ख्रिस्ती मंडळीत मी 'वडील' म्हणून नेमलेला, म्हणजे पाळकांच्या, आमच्या धर्मगुरूंच्या, जोडीनं लोकांची विचारपूस करणारा, त्यांना मार्गदर्शन करणारा. कुणाच्या घरी आजारपण, भांडण, मयत झाली की मी बायबल घेऊन हजर. खरं ते तोंडावर सांगतो, अशी माझी ख्याती होती आणि तिचा मला आतून अभिमान होता. म्हणूनच मंडळीतले एक सद्गृहस्थ भेटायला आले आणि हात जोडून म्हणाले, "साहेब, देव उगाच काही करत नाही. थोडं आत्मपरीक्षण करा," तेव्हा मला राग आला नाही. मी गारठलो. कारण हे वाक्य माझंच होतं. दीड वर्षापूर्वी मी ते अलकाला ऐकवलं होतं.

अलका आमच्याच मंडळीतली, शाळेत शिक्षिका. दुसऱ्यांदा तिचा गर्भ पडला तेव्हा मी तिच्या घरी गेलो होतो. ती पलंगावर बसून होती, केस न विंचरलेले. मी सांगितलं, "स्वतःला तपासून पाहा, बेटा. देव उगाच काही करत नाही." त्यानंतर ती उपासनेला आली नाही. तिचा नवरा प्रमोद एकटाच येऊन शेवटच्या बाकावर बसायचा. तिचा विश्वास कच्चा निघाला, असं मी पाळकांना सांगूनही टाकलं होतं. आता त्या खाटेवर पडल्या पडल्या तिचा चेहरा डोळ्यांसमोरून हलेना. क्षमा मागावी तर कोणत्या तोंडानं? मी भिंतीकडे मान फिरवली आणि व्यायाम करून घेणारी मुलगी आली की "आज नको" म्हणू लागलो.

शेजारच्या खाटेवर काटोलकडचे एक शेतकरी होते. त्यांनाही असाच झटका आला होता, पण ते डोळे उघडत नव्हते. त्यांची बायको, कौसल्याबाई, दिवसभर त्यांचे पाय चोळत बसायची. गळ्यात तुळशीची माळ, हात संत्र्याच्या बागेत काम करून राठ झालेले. मी तिसऱ्यांदा व्यायाम नाकारला तेव्हा ती उठून माझ्या पायथ्याशी आली.

"भाऊ, काहून तोंड फिरवून निजले?"

"काही उपयोग नाही, बाई."

"असं कसं? सकाळी तुमची बोटं हालली ना. मी पाहून राहिली होती." तिनं माझ्या डाव्या पायाचा अंगठा चिमटीत धरला. "हे बोट. देवाशप्पथ."

मला ते कळलंही नव्हतं. खरंच हललं होतं की तिनं मला उठवायला तसं म्हटलं, हे मला आजही माहीत नाही. पण त्या दिवशी मी व्यायामाला नाही म्हणालो नाही. मग रोज सकाळी डॉक्टरांची फेरी झाली, डॉक्टर तिच्याशी दोन शब्द बोलून पुढे गेले, की ती पदरानं तोंड पुसून माझ्याकडे यायची. "काल खाटेपाशी उभे राह्यले, आज खिडकीपर्यंत चाला. बाहेर लिंबाले पालवी फुटून राहिली, ते तरी पाहा." मी खुर्चीचा आधार घेऊन फरफटत गेलो की ती सुशीलाला हाक मारायची, "पाहा वं ताई, कसे चालून राहिले!" तिनं मला एकही उपदेश केला नाही. माझा देव कोणता, मी काय पाप केलं, हे विचारलं नाही. मात्र ती बोलली की अंगात बळ यायचं. एका दुपारी खिडकीशी उभा असताना माझ्या तोंडून आपोआप "प्रभू" असा शब्द निघाला. पुढे काही सुचलं नाही. तेवढीच प्रार्थना झाली.

आठवड्याभरानं तिनं सामान बांधलं. "आमी घरी चाललो, भाऊ."

"वा, सुटी मिळाली! बरं झालं," मी हसून म्हणालो.

तिनं क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "हो भाऊ. तुमी चालाचं सोडू नका."

स्ट्रेचर दाराबाहेर गेलं आणि सुशीला ओंजळीत तोंड लपवून रडू लागली. मग तिनं मला सांगितलं. डॉक्टरांनी कौसल्याबाईला पहिल्याच दिवशी कल्पना दिली होती की तिचा माणूस आता उठणार नाही; म्हणूनच ती त्याला घरी नेत होती. रोज सकाळच्या फेरीत ती तेच ऐकायची आणि मग माझ्या खाटेपाशी यायची. सुशीलाला तिनं बजावून ठेवलं होतं, "भाऊले सांगू नका. मानूस आत्ता कुठं चालाले लागला."

मी पंधरा वर्षं लोकांना धीर देत फिरत होतो. धीर देणं काय असतं, ते मला त्या दिवशी कळलं.

काठीनं चालता येऊ लागल्यावर मी आधी अलकाकडे गेलो. बायबल नेलं नाही. ती समोर बसली. मी म्हणालो, "त्या दिवशी मी जे बोललो ते चुकीचं होतं. ते देवाचं म्हणणं नव्हतं, माझं होतं. मला क्षमा कर."

ती म्हणाली, "काका, तेव्हापासून प्रार्थनेला बसले की मला तुमचाच आवाज ऐकू येतो."

पूर्वीचा मी असतो तर एखादं वचन काढलं असतं. मी नुसता बसून राहिलो आणि माझे डोळे वाहत राहिले. निघताना तिनं दारापर्यंत येऊन माझा दंड धरला. पायऱ्या उतरवून दिल्या. क्षमा केली असं काही ती म्हणाली नाही.

महिन्याभरानं प्रमोदचा फोन आला, अलकानं बोलावलंय. गेलो तर दोघं अंगणात खुर्च्या टाकून बसले होते. अलका म्हणाली, "काका, सगळ्यांनी माझ्यासाठी प्रार्थना केली. माझ्या बाळांसाठी कुणीच केली नाही. ती होती ना, थोडे दिवस का होईना?" तिनं एक खुर्ची माझ्याकडे सरकवली. "त्यांच्यासाठी कराल?"

मी बसूनच डोळे मिटले. प्रभू, मला काहीच येत नाही, तूच बोल, एवढंच मनात म्हटलं. पुढचे शब्द कुठून आले ठाऊक नाही. त्या दोन लेकरांबद्दल मी देवाचे आभार मानले, आणि त्यांच्या आईनं त्यांच्यावर किती माया केली ते त्याला सांगितलं. "आमेन" म्हणायला अलकाचा आवाज सर्वांत आधी आला.

ती अजून दर रविवारी उपासनेला येत नाही. मी विचारत नाही. घरभेटी मी पुन्हा सुरू केल्या आहेत; पाय ओढत जातो, त्यामुळे पोचायला वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात काय बोलायचं ते ठरवणं मी सोडून देतो. समोरच्या माणसाजवळ बसावं, त्याचं ऐकावं आणि एखादा बरा शब्द देवानंच आपल्या तोंडात घालावा म्हणून वाट पाहावी, इतकंच माझ्या हाती आहे. ज्या प्रभूनं मला त्या खाटेवर एकटं सोडलं नाही आणि हे शिकवलं, त्याचे उपकार मी कसे फेडू?