तिघांच्या मोटारीतली चौथी

हसायचं असेल त्यांनी आधीच हसून घ्यावं, कारण आजवर अशा गोष्टींना मीसुद्धा हसतच आले. आमच्या कर्जतला कुणाच्या अंगात आलं, की बायका ओटी घेऊन धावतात आणि मी तांदूळ निवडत बसते. भर अमावस्येला विहिरीवर गेले आहे, मला काही धरलं नाही. सासूबाई म्हणतात, "हिला धरायला भूतच घाबरत असेल." तेव्हा हे लिहिणारी बाई भित्री किंवा भोळी आहे, असं कृपा करून समजू नका... मला वेड आहे ते वेगळ्याच गोष्टीचं. मोटारींचं.

माझं माहेर खालापूरचं. पुण्याच्या सडकेनं मोटारी जायच्या, त्या बघायला मी परकर सावरत धावायचे. बाकीची पोरं वेग बघायची, मी आत किती माणसं मावतात ते बघायचे. एखादी दोघांचीच, बिनटपाची, साहेबी गाडी गेली की मला तिची कीव यायची. आजीला कुठे बसवणार? लोणच्याची बरणी कुठे ठेवणार? पण पोराबाळांनी ठासून भरलेली, ऐसपैस घरगुती मोटार दिसली की जीव सुखावायचा. पुढे हे मला बघायला आले तेही मोटारीतून. मी मान खाली घालून पोहे दिले खरे, पण नजर खिडकीबाहेर होती. हिनं नवऱ्याला नाही, मोटारीला पसंत केलं, असं घरात अजून चिडवतात.

आमची भाताची गिरणी आहे. काही वर्षांपूर्वी ह्यांनी मुंबईच्या एका पारशी गृहस्थाकडून जुनी मोटार आणली. इंजिन आणि सांगाडा शाबूत, वरचं सगळं कुजलेलं. गावातल्या सुतारानं तिच्यावर सागवानी बॉडी चढवली — आराखडा माझा! तीन बाकं, सामान चढवायला मागे एक दार, बाजूंना आगगाडीसारख्या लाकडी झडपा, दारांना आतून पितळी कड्या. गावानं तिचं नाव ठेवलं 'डबा'. ठेवोत बापडे. त्या डब्यात सासूबाई, मुलं, पुतणे, आलेगेले पाहुणे कोंबून आम्ही कळंबला लग्नाला गेलो, कोंडाणे लेण्यांच्या पायथ्याशी झाडाखाली दशम्या खाल्ल्या. गुडघ्याला गुडघा लागल्याशिवाय मला प्रवास केल्यासारखं वाटतच नाही.

आता मुद्द्याचं. माझी धाकटी नणंद कमळ लोधिवलीला दिली आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा ती एवढीशी होती, तिची वेणी मी घातली आहे. तिची पहिली दोन्ही मुलं जन्मतानाच गेली, दोन्ही सासरी. तिसऱ्या खेपेला तिच्या सासरी उघड बोलणं सुरू झालं, की हेही राहिलं नाही तर मुलाची दुसरी करायची. नवरा गप्प. म्हणून आम्ही ठरवलं, या वेळी बाळंतपण कर्जतला, आमच्या हाताखाली, डॉक्टरांच्या देखत. नववा लागल्यावर तिला आणायला डबा घेऊन आम्ही दोघंच गेलो. तिला आडवं होता यावं म्हणून मधलं बाक काढून तिथे गादी घातली होती. वैशाख होता.

निघताना कमळच्या सासूबाई म्हणाल्या, "तिघंच? तीन तिघाडा, काम बिघाडा. वाटेत एक दगड घ्या गाडीत, चौथा म्हणून."

ही रीत आपल्याकडे सगळ्यांनाच ठाऊक आहे. मी म्हटलं, "पोटातलं धरलं तर चौघं होतातच की."

"जन्मायच्या आधी मोजू नये," त्या म्हणाल्या. "दोनदा मोजून बघितलं."

कमळनं मान खाली घातली. मला असा संताप आला! पण व्याह्यांच्या दारात तोंड उघडायची सोय नसते.

चौक गाव मागे टाकून आम्ही कर्जतच्या रस्त्याला लागलो, तर कमळचा एकच धोशा — "दादा, दगड घे ना रे." हे कंटाळून उतरले. रस्त्याच्या कडेला एका ऐनाच्या झाडाखाली दगडांचा ढीग होता. जाणारा-येणारा वाटसरू त्यावर एकेक दगड टाकून पुढे जातो, तसला. कुणाचा, कशाचा, कुणाला माहीत नाही. आम्हीही जाता-येता कधीतरी टाकला असेल. ह्यांनी त्यातलाच वरचा एक उचलला, वरवंट्याएवढा, गुळगुळीत. आणला आणि पुढच्या बाकावर आपल्या शेजारी ठेवला. वर थट्टा —

"या आजीबाई, बसा ऐसपैस. आमच्या कमळचं बाळ बघितल्याशिवाय उतरायचं नाही हं!"

कमळ खुदकन हसली. त्या दिवसातलं तिचं पहिलंच हसू, म्हणून मीही हसले.

पुढे उतार आहे आणि खाली कोरडा ओढा. ओढ्याच्या गोट्यांत गाडी आली आणि इंजिन बंद पडलं. त्यात नवल नव्हतं, आमच्या डब्याला रुसायची सवयच आहे. हे हॅंडल मारायला उतरायला गेले, तर दाराची कडी फिरेना. "तुझ्या बाजूनं उघड," म्हणाले. माझीही फिरेना. मागच्या दाराची — तीही नाही. मी झडपा वर करायला गेले. सकाळी एका बोटानं सरकत होत्या, आता दोन्ही हातांनी हलेनात. सगळ्या खाली, बंद. उजेड काय तो पुढच्या काचेतून येत होता.

आधी आम्ही हसलो. मग हसणं थांबलं.

ह्यांनी खांदा लावून दाराला धडका दिल्या. दार सागाचं असलं तरी कोपऱ्यात जरा खुळखुळायचं, मला त्याचा आवाज पाठ आहे. त्या दिवशी ते खुळखुळलंसुद्धा नाही, भिंतीवर अंग आपटावं तसं झालं. ह्यांनी बाकाखालचा मोठा पाना काढून काचेवर मारला. एकदा, दोनदा, मग वेड्यासारखा मारतच सुटले. काचेवर ओरखडा नाही. पाना मात्र हातातून उडून माझ्या पायाशी पडला.

ऊन चढत होतं. माझ्याच हौसेची ती बॉडी... तापल्या लाकडाचा वास नाकात भरला, श्वास अपुरा पडायला लागला. तांब्यातलं पाणी मी कमळला घोट-घोट पाजत होते. आणि तिनं माझं मनगट धरलं.

"वहिनी... कळा येतायत गं."

मला स्वतःला दोन मुलं झाली, पण सुईणीचं काम मी कधी केलेलं नाही. तरी मी म्हटलं, "येऊ देत. घाबरायचं नाही." आणि दाराला लाथा घातल्या.

तेवढ्यात समोरून ओढ्यात माणसं उतरली. डोक्यावर मोळ्या घेतलेल्या, डोंगरातल्या ठाकरांच्या बायका. मी पुढे झेपावले, काच दोन्ही मुठींनी बडवली, घसा फाटेपर्यंत ओरडले, "अगं बायांनो, दार उघडा! बाई अडलीये!" हेही ओरडत होते. बायका गाडीपुढे येऊन थांबल्या. दहा हातांवर असतील. सरळ आत बघत होत्या... आणि मग त्यांतली पुढची हसली, मान हलवली आणि सगळ्या वळून चढावर निघून गेल्या.

एवढं एकटं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. माझी नजर बाकावरच्या दगडाकडे गेली.

"अहो," मी म्हटलं, "तुम्ही या आजीला काय म्हणालात?"

देवळातही हात न जोडणारा माणूस, पण ह्यांनी त्या दगडापुढे हात जोडले. "आजी, चुकलं. थट्टा केली. उतरा आता. नाहीतर आम्हाला तरी उतरू द्या." कडी फिरवून बघितली. जागची हलली नाही. दगड उचलून मागच्या दाराशी ठेवायला गेले, तर तो उचलेना. सकाळी एका हातात आणलेला!

कमळ किंचाळली आणि मग मला दुसरं काही बघायला वेळच राहिला नाही. ह्यांना मी पुढे तोंड करून बसवलं. कमळच्या गाठोड्यातल्या चिंध्या काढल्या, हात त्या उरल्यासुरल्या पाण्यानं धुतले. ती माझ्या पदराचा बोळा दातात धरून कण्हत होती आणि मध्येच म्हणत होती, "हे पण जाणार, वहिनी. हे पण जाणार." मी तिच्यावर खेकसले. रडू येत असलं की मी खेकसते.

नंतरचं मला सलग आठवत नाही. एवढं आठवतं, की कधीतरी तो तापल्या लाकडाचा वास गेला आणि ओव्याच्या धुरीचा वास आला. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा. हवा थंड झाली म्हणता येणार नाही, पण श्वास घेता यायला लागला. मूल आलं. मुलगी. निळीसावळी, ओली, आणि अजिबात न रडणारी.

मी तिला उलटं धरलं, चोळलं, तिच्या तोंडात फुंकर घातली. काही नाही. कमळनं विचारलंसुद्धा नाही, नुसती छताकडे बघत पडली होती. मी ते एवढंसं पोर छातीशी धरलं, डोळे मिटले आणि... हो, मी देवाला शिव्या दिल्या.

तेव्हा थाप ऐकू आली. पोरीच्या पाठीवर, सराईत हाताची, एकच. ती माझ्या छातीवरसुद्धा जाणवली. आणि पोरीनं टाहो फोडला.

मला वाटलं कमळनं उठून मारली. कमळला वाटलं मी मारली. पण तिचे दोन्ही हात गादीवर होते आणि माझे दोन्ही पोरीखाली. हे पुढे तोंड करून ढसाढसा रडत होते. पोरीचं रडणं सुरू झालं आणि मागचं दार खट्‌ करून आपसूक उघडलं. ऊन आत आलं. हे पडत-धडपडत बाहेर गेले, हॅंडल मारलं, पहिल्या फेऱ्यालाच इंजिन लागलं. बाकावर दगड नव्हता. गाडीत नव्हता, गोट्यांतही मला दिसला नाही. शोधायला थांबलो नाही.

कर्जतला डॉक्टरांनी पोरीला हातात घेतलं आणि म्हणाले, "नाळ कुणी बांधली? सुईण हुशार दिसते." मी बघितलं. नाळेला हिरव्या लुगड्याच्या काठाची चिंधी बांधलेली होती, दोन ठिकाणी, घट्ट गाठ मारून. माझं लुगडं त्या दिवशी तांबडं होतं, कमळचं अबोली. गाठोड्यात सगळं पांढरं होतं. मी गाठ मारली नव्हती... मला तशी गाठ येतही नाही.

ह्यांचं म्हणणं, उन्हानं लाकूड फुगलं आणि दारं अडकली. वैशाखात लाकूड फुगतं? आमच्या पोळपाटालाही ठाऊक आहे, की ते आकसतं. ह्यांना मी दगडाचं विचारलं की गिरणीत काम निघतं.

आणि मग दिवाळीच्या सुमाराला ठाकरांच्या बायका मोळ्या विकायला आमच्या दारी आल्या. त्यांतली एक अंगणातला डबा बघून थांबली.

"हीच गाडी ना गं? वढ्यात व्हती ती?"

मी तिचा हातच धरला. "तुम्ही आम्हाला बघितलंत? मग दार का नाही उघडलंत? आम्ही ओरडत होतो!"

"वरडत?" ती गोंधळून म्हणाली. "नाय गं बाय. तुमी तर निवांत बसली व्हती. आमी इचारायला आलतो, काय झालंया म्हनून. पन त्या म्हातारीनं आतून हात केला, जा म्हनली. मंग आमी गेलो."

"कुठली म्हातारी?"

"हिरवं लुगडं न्हेसलेली. पोरीचं डोस्कं मांडीवर घिऊन बसली व्हती की! तुमची कोन लागती ती? बरी हाय ना?"

मी म्हटलं, "बरी आहे." दुसरं काय सांगणार होते?

तेव्हापासून मी हा हिशेब लावते आहे आणि तो लागत नाही. आलेली मदत तिनं परत पाठवली. आम्हाला त्या भट्टीत कोंडून ठेवलं, घटकाभर आणखी गेली असती तर चौघंही गुदमरून मेलो असतो. आणि कमळचं मूल जगलं तेही तिच्याच हातानं. कर्जतला वेळेवर पोचलो असतो तर डॉक्टरांच्या हातून जगलं असतं का? कुणी सांगावं? जाणत्यांना विचारलं, देवऋषी म्हणवणाऱ्यालाही विचारलं, प्रत्येकानं वेगळंच सांगितलं आणि मला एकही पटलं नाही. वाचकांपैकी कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहावं.

लिहायला बसले त्याचं कारण एवढंच, की कमळला पुन्हा दिवस आहेत आणि आता नववा लागला आहे. ह्यांनी बैलगाडीचं बोलून बघितलं. तिचा निरोप आला, 'मोटारच आणा, आणि तुम्ही दोघंच या. पोरीला इथेच ठेवून येते, म्हणजे तिघंच होऊ.' हे काल विचारत होते, काय करायचं? मला त्या मोटारीत बसलं की अजून घाम फुटतो. दार लावलं की हात आपोआप कडीकडे जातो. पण मी म्हटलं, गाडी धुऊन ठेवा, परवा निघू. मूल जिवंत हातात येणार असेल, तर दारं पुन्हा बंद झाली तरी चालतील.