मामांचा बेडूक

"होऊ द्या तुमचं." एवढं म्हणून उजवा तळहात खिडकीबाहेर काढायचा आणि समोरच्याला वाट द्यायची, ही आमच्या ड्रायव्हरमामांची रीत. समोर उसाची बैलगाडी असो, ट्रॅक्टर असो, नाहीतर सायकलला किटल्या लावलेला दूधवाला असो, कालव्याच्या अरुंद पुलाशी मामा थांबणार म्हणजे थांबणारच. गळीत हंगामात तर आमची पोरं पुलाअलीकडे गाडीतच पाढे म्हणत बसलेली असायची.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. कोपरगावजवळच्या एका साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी केमिस्ट होतो आणि वसाहतीतल्या मुलांना गावातल्या शाळेत नेण्या-आणण्याची गाडी मामा चालवायचे. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, ज्याच्या चांगुलपणाचा आधी राग येतो आणि मग रागावल्याची लाज वाटते. मामा पहिल्या पंगतीला कधी बसले नाहीत. न्हाव्याकडे आपला नंबर आला, तरी मागच्याला पुढे सारायचे. मामी तर चारचौघांत सांगायच्या, "लग्नात भटजी म्हनले, घाला हार. तर हे मलाच म्हनतात कसे, होऊ द्या तुमचं!" मामा मिशीतल्या मिशीत हसायचे.

त्या वर्षी माझा मेव्हणा आखातातून सुटीवर आला आणि टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम घेऊन आला. एकाच वेळी चौघांनी खेळायचं. त्यात बरेच छोटे छोटे खेळ होते, पण पोरांचा जीव बेडकांच्या खेळावर. तळ्याकाठी चार बेडूक बसलेले. मध्येच वरून पान पडायचं, फुलपाखरू उडत जायचं. तेव्हा गप्प राहायचं. माशी येऊन बसली की मात्र झटकन बटण दाबायचं. ज्याच्या बेडकाची जीभ आधी पोचली, त्याची माशी. पान बघूनच कुणी दाबलं, की त्याचा बेडूक बदकन पाण्यात.

एका रविवारी दुपारी माझ्या मुलीचा गाडीत राहिलेला डबा द्यायला मामा आले. पोरांना चौथा गडी हवाच होता. त्यांनी मामांना सतरंजीवर बसवलं आणि हातात रिमोट दिला. मामांचा बेडूक एकदाही पाण्यात पडला नाही. पण त्याला एकही माशी मिळाली नाही. "मामा, इथे होऊ द्या तुमचं चालत नाही!" पोरं लोळून हसली. मामाही हसले.

पुढच्या रविवारी मामा न बोलावता आले. त्याच्या पुढच्याही. इथून पुढे मी गोंधळलो, आणि खरं सांगायचं तर अजून पुरता बाहेर आलेलो नाही. डोक्यावर टोपी, पांढऱ्या मिशा, आणि हा माणूस मांडी ठोकून बेडकांसमोर बसतो काय! बायको म्हणाली, "भज्यांसाठी येत असतील." पण भजी तशीच गार व्हायची. मला वाटलं, नाद लागला. पण नाद लागलेल्या माणसाला मजा तरी येते. मामांच्या कपाळावर घाम यायचा. "ह्यो रिमोट खराब हाय," म्हणून ते दुसरा मागायचे. मग जागा बदलायचे. मग चष्मा पुसायचे. एरवी पोरांना अरेसुद्धा न करणारे मामा, "गप बसा रे, माशी बगू द्या," म्हणून खेकसलेले मी ऐकले. ज्याला उभ्या जन्मात कुठेच पहिलं यायचं नव्हतं, त्याला इथे का यायचंय, हे कोडं काही सुटेना.

शेवटी पोरांनाच दया आली. त्यांनी आपसांत ठरवलं, की या खेपेला कुणीच बटण दाबायचं नाही. माशी बसली. तिघे बेडूक गप्प. माशी पाय चोळत बसून राहिली, आणि बऱ्याच वेळाने मामांच्या बेडकाची जीभ बाहेर आली. पोरांनी टाळ्या पिटल्या.

मामांनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "तू दाबलं का न्हाई?"

"तुम्हाला जिंकू दिलं, मामा."

मामांनी रिमोट सतरंजीवर ठेवला आणि ते उठले. मी त्यांच्या मागे ओट्यावर गेलो. चपलेत पाय घालता घालता त्यांनी विचारलं, "सायेब, माशी बसल्यावर मी लई उशिरा दाबलं का?"

"थोडं उशिरा. पण त्यात काय? पोरीपुढे मीही हरतो."

"तुमी उशिरा दाबलं तर साखर बिघडंल. माझ्या मागं पोरं बसत्यात."

मग त्यांनी सांगितलं. दिवाळीच्या आसपास कालव्याशी एक वासरू अचानक आडवं आलं. गाडी रिकामी होती. वासरू दिसलं, ब्रेक दाबायचा हेही कळलं, पण पाय पोचला तो वासरू पलीकडे उडी मारून गेल्यावर. "डोळ्याचा डाक्टर म्हनतो, नजर चांगली हाय. मंग मधी थांबतंय काय, सायेब? डोळा बगतो, मन सांगतं, अन् पाय आयकत न्हाई. तुमी शिकल्याले हायेत, तुमीच सांगा." मामा रविवारी खेळायला येत नव्हते, स्वतःची परीक्षा घ्यायला येत होते, एवढं मात्र मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मामांनी गाडीची किल्ली ऑफिसात नेऊन दिली. कारण ऐकून ऑफिसात हशा पिकला. बेडकाने ड्रायव्हरची नोकरी खाल्ली म्हणून वसाहतीत थट्टा झाली. "इतकी वर्षं एक ओरखडा नाही गाडीला, आणि खेळण्याचं काय मनावर घेता?" म्हणून ऑफिसातल्या मोठ्या साहेबांनी समजावलं. मामा ऐकेनात. त्यांना बागेला पाणी घालायचं काम मिळालं. त्यांनी बरोबर केलं, की नसत्या भीतीपायी हातची गाडी घालवली? मला दोन्ही पटतं, त्यामुळे काहीच पटत नाही.

नवा ड्रायव्हर तरुण होता, चपळ होता. पोरं शाळेत वेळेआधी पोचू लागली. मामा पुढे लेकीकडे कर्जतला राहायला गेले आणि परत आले नाहीत. पण जाईपर्यंत रोज सकाळी पाण्याची नळी बाजूला टाकून ते फाटकाशी यायचे, एकेका पोराला हात देऊन गाडीत चढवायचे आणि दार ओढून पाहायचे. गाडी निघून मोठ्या रस्त्याच्या वळणाशी पोचली, की इकडे फाटकाशी उभ्या उभ्या मामांचा उजवा पाय ओल्या मातीत दाबला जायचा. मी बघायचो. वेळेवर दाबला की उशिरा, ते मला कधीच नीट कळलं नाही.