न विकलेल्या बंदुका

माझं अक्षर वेडंवाकडं आहे आणि शुद्धलेखन चौथीतच सुटलं. चुकून कुणी वाचलंच, तर माफी असावी.

साताऱ्यात आमच्या मालकांचं, म्हणजे माझ्या नवऱ्याचं, परवान्याच्या बंदुकांचं दुकान आहे. जुन्या घ्यायच्या, दुरुस्त करायच्या, विकायच्या. मी पडद्यामागं बसून लाकडी दस्त्यांना जवसाचं तेल लावते. गिऱ्हाइकासमोर मला बोलता येत नाही. त्या उन्हाळ्यात मालकांनी बऱ्याच दुनळी बंदुका एकदम घेतल्या. पैसे सांगलीच्या माझ्या धाकट्या विधवा बहिणीचे. लेकीच्या नर्सिंगच्या फीसाठी तिनं ठेवले होते. चार महिन्यांत देतो म्हणून मीच मागून आणले.

मग बातमी आली, नवा कायदा येतोय, एका माणसाला तीनऐवजी एकच बंदूक. दुकानात गर्दी झाली, पण सगळी विकणाऱ्यांची. औंधकडच्या एका पाटलांनी आजोबांची बंदूक टेबलावर ठेवली.

"काय बी द्या, पर ठिवून घ्या."

मालक म्हणाले, "आवं पाटील, घेणार कोण? माझ्याच पडून हायत."

"मग वैनींना द्या एक. भांडणात उपेगी पडंल."

सगळे हसले. पडद्यामागं मी तोंडात पदर धरला. विकली गेली तर बघू, म्हणून पाटील बंदूक ठेवून गेले.

बहिणीचा फोन रोज यायचा. "आक्के, फीची तारीख आली गं." एकदा म्हणाली, "न्हाई तर बंदूकच दे. कालेजात ती ठिवते फी म्हणून." फोन वाजला की मी तेलाचं फडकं घेऊन दस्ते पुसत बसायची. तारीख गेली. भाची कापडाच्या दुकानात कामाला लागली.

कायदा झाला तेव्हा एकाच्या जागी दोन बंदुकांची मुभा राहिली, पण पडलेला भाव वर आला नाही. तिसरी असेल त्यानं ती पोलिसांत नाहीतर दुकानात जमा करायची होती. पाटलांची तिसरीच होती.

खंडेनवमीला ते झेंडू आणि नारळ घेऊन आले. बंदुकीला हळदकुंकू लावलं आणि तिथंच खुर्चीत बसून राहिले. "आज्याची हाय. न्हाई इकवत. पर घरी बी ठिवता येत न्हाई."

मी पडद्याआडून मालकांना हळूच म्हटलं, "ठेवून घ्या की. महिन्याला भाडं घ्या. तेलपाणी मी बघते."

पाटलांनी ऐकलं. "व्हय वैनी, देतो की!"

त्यांच्यामागून बाकीचे आले. निवडणुकीत तर सगळ्यांनाच बंदुका जमा कराव्या लागतात, तेव्हा कपाट अपुरं पडलं. आमच्या विकत घेतलेल्या मात्र अजून तशाच आहेत. भाडं येईल तसं सांगलीला पाठवत गेलो. वर्षं गेली. भाचीचं कॉलेज राहिलं ते राहिलंच.

गेल्या महिन्यात शेवटची रक्कम घेऊन आम्ही दोघं गेलो. भाचीनं तिच्या दुकानातला खण माझ्या हातात ठेवला. "मावशी, हिरवा तुला आवडतो ना," एवढंच म्हणाली. मला तिच्याकडं बघवेना. बहिणीनं पैसे मोजले, पुन्हा मोजले आणि म्हणाली, "फिटलं गं आक्का सगळं."